काळीज फाटते तेव्हा

वाक्प्रचार शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. ‘काळीज फाटणे’ म्हणजे अतिशय दुःख होणे, असे फळ्यावर लिहून मी मोकळा होत असे. येडशीच्या आत्याने मात्र मला तो वाक्प्रचार नव्याने शिकवला.

आतोबा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या छाती धरून ओसरीवर बसली. ‘मनाला लावून घेतलंय तिनं, पडू द्या घटकाभर,’ शेजारणी म्हणाल्या. मीही तेच म्हणणार होतो. पण तिला दरदरून घाम फुटला होता. रामलिंगाचे नाव घेतले, गाडी काढली आणि सोलापूर गाठले.

हृदयाचा आलेख व रक्ततपासणी, दोन्ही झटक्याकडे बोट दाखवत होती. पण अँजिओग्राफीत एकही रक्तवाहिनी तुंबलेली नव्हती. इकोत मात्र हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक फुग्यासारखे फुगलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, ‘ताकोत्सुबो.’ ऑक्टोपस पकडण्याचे हे अरुंद गळ्याचे जपानी मडके! विकाराला हे नाव १९९० साली मिळाले. जपानातच २००४ च्या नीगाता भूकंपानंतर असे रुग्ण वाढलेले आढळले. मला १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवली. मी शाळकरी होतो. छाती धरून बसलेल्या बायकांना आम्ही ‘हबकल्या’ एवढेच म्हणालो होतो.

बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते, असे कळल्यावर आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ते थबकले. काल नसलेला एक खरखरीत आवाज आज येत होता. पुन्हा इको झाला. डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा फाटला होता! असे फार क्वचित होते, पण होते.

‘लगेच शिवावे तर मांस लिबलिबीत, टाका धरत नाही, थांबावे तर हृदय दमते,’ डॉक्टरांनी पेच सांगितला. महाधमनीत फुग्याचा पंप बसवून त्यांनी हृदयाला आधार दिला, काही दिवस काढले आणि मग छाती उघडून भोकावर ठिगळ शिवले.

आत्या यंदा दिवाळीच्या करंज्यांना मुरड घालते आहे. ‘काळीज शिवून आणलंय मी,’ असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

वाचकहो, छातीत कळ आली तर ‘मनाला लागलं’ म्हणायची घाई करू नका. ते इस्पितळातून आल्यावरही म्हणता येते. मी मात्र फळ्यावर तो अर्थ लिहितो, तेव्हा खडू क्षणभर अडतो.