मॅटिल्डा : राण्यांचें नांव आणि रणगाड्याचें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं बारसें झालें. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, शेजारपाजारच्या सुवासिनी जमल्या. परंतु मुलीचें नांव काय ठेवावें ह्याविषयीं वडील मंडळींची चर्चा अगदीं शेवटच्या घटकेपर्यंत चाललीच होती. आत्याबाईंचें म्हणणें पडलें कीं, आमच्या पणजीचें नांव ठेवावें. फार कर्ती बाई होती. सूचना सर्वांस पसंत पडली. पण लागलीच प्रश्न निघाला, पणजीचें कोणतें नांव? 'लक्ष्मी' हें सासरचें नांव सर्वांस ठाऊक होतें. माहेरीं तिला काय म्हणत, हें मात्र एकासहि सांगतां येईना. अखेर कपाटांतील छापील कुलवृत्तान्त काढून पाहिला. त्यांत पणजोबांचें जन्मवर्ष आहे, त्यांची नोकरी आहे, त्यांनीं बांधलेल्या विहिरीचा खर्चहि आहे. पणजीच्या वांट्यास मात्र 'भार्या लक्ष्मीबाई, पुत्र चार' एवढेच चार शब्द आले आहेत. मुली किती होत्या, हें लिहावयास कुलवृत्तान्तकारांस जागा उरली नाहीं.

आमची पुतणी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. ती चटकन् म्हणाली, "काका, इंग्लंडच्या मॅटिल्डेचीहि हीच गत झाली." तोंच तिचा धाकटा भाऊ, ज्याला युद्धाच्या हकीकती वाचण्याचें वेड आहे, मध्येंच ओरडला, "ताई, मॅटिल्डा म्हणजे रणगाडा! राणी कसली?" मंडळी हंसली आणि तो विषय तेथेंच राहिला. वास्तविक दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. त्या एका नांवाची हकीकत आमच्या पणजीच्या हकीकतीला कोठें तरी जाऊन भिडते असें आम्हांस वाटलें. म्हणून ह्या खेपेस वाचकांशीं तिच्याविषयींच बोलावें असें ठरविलें.

'मॅटिल्डा' हा जुन्या जर्मन भाषेंतील दोन शब्दांचा समास आहे. पहिल्याचा अर्थ सामर्थ्य आणि दुसऱ्याचा युद्ध. आपल्याकडे मुलीला दुर्गा किंवा जया म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. लॅटिन कागदपत्रांत 'मॅटिल्डा' असें लिहीत. नॉर्मन लोकांच्या बोलण्यांत त्याचेंच 'मॉड' होई. म्हणजे दप्तरांत सरस्वती आणि माजघरांत सरू. जर्मनीच्या पहिल्या हेन्री राजाची राणी ह्या नांवाची होती; ती इ. स. ९६८ मध्यें वारली व ख्रिस्ती लोक तिला संत मानतात. पुढें दोन-तीन शतकें युरोपांतील थोर घराण्यांत हें नांव इतकें मानाचें झालें कीं, त्या काळचा इतिहास वाचतांना एक मॅटिल्डा कोठें संपते आणि दुसरी कोठें सुरू होते हेंच कळेनासें होतें.

त्यांतील एक इटलींत टस्कनी प्रांतीं होऊन गेली (१०४६–१११५). लहान वयांतच तिचा बाप मारला गेला आणि भावंडेंहि गेलीं. उत्तर इटलींतील विस्तीर्ण मुलूख तिच्याकडे आला व तो तिनें आमरण सांभाळिला. जर्मनीचा राजा चवथा हेन्री आणि पोप सातवा ग्रेगरी ह्यांचें भांडण विकोपास गेलें, तेव्हां १०७७ च्या जानेवारींत राजा क्षमा मागण्यास बर्फांत येऊन उभा राहिला तो तिच्याच कानोसा किल्ल्याच्या दारांत. सही करतांना ती आपल्या नांवासमवेत, आपण जें कांहीं असूं तें ईश्वराच्या कृपेनें, अशा अर्थाचे शब्द लिहीत असे. त्या सहींत बापाचें नांव नाहीं, नवऱ्याचेंहि नाहीं. सतराव्या शतकांत तिच्या अस्थि रोमच्या सेंट पीटर मंदिरांत नेण्यांत आल्या. तेथील तिची समाधि बर्नीनी ह्या प्रख्यात शिल्पकाराच्या हातची आहे.

सर्वांच्या वांट्यास असें भाग्य आलें नाहीं. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ह्यानें ११०० मध्यें स्कॉटलंडच्या राजकन्येशीं लग्न केलें. तिचें नांव ईडिथ. आईकडून ती इंग्लंडच्या जुन्या सॅक्सन राजकुलांतील होती आणि नांवहि सॅक्सन वळणाचें होतें. परंतु सिंहासनाभोंवतीं मानकरी होते ते नॉर्मन. त्यांच्या कानांस गोड लागेल असें नांव हवें, म्हणून ईडिथची मॅटिल्डा झाली. योगायोग असा कीं, हेन्रीच्या दिवंगत आईचें नांवहि मॅटिल्डाच होतें. म्हणजे सुनेला सासूचें नांव मिळालें. ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें नवें नांव लिहिण्याचा विधि आपल्या घरांतून झाला आहे. तेव्हां ह्या गोष्टीचें आपल्याला नवल वाटूं नये. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. अमेरिकेंतून १८८६ मध्यें डॉक्टरीची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी, त्याहि माहेरच्या यमुनाच. दोन्ही यमुना लग्नमंडपांतच लुप्त झाल्या. त्या पुढें मोठ्या झाल्या म्हणून तरी त्यांचें पहिलें नांव आपणांस ठाऊक आहे.

ह्या ईडिथला, म्हणजे नव्या मॅटिल्डेला, ११०२ मध्यें मुलगी झाली. तिचेंहि नांव मॅटिल्डा. आठव्या वर्षीं तिला जर्मनीला पाठविलें आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास तेथील सम्राट् पांचवा हेन्री ह्याच्याशीं तिचें लग्न लागलें. ११२० मध्यें तिचा एकुलता सख्खा भाऊ जहाज बुडून मरण पावला. ११२५ मध्यें तिला वैधव्य आलें. बापानें तिला परत बोलावून सर्व सरदारांकडून शपथ घेवविली कीं, आमच्या मागें गादी हिची. ११२८ मध्यें तिचें दुसरें लग्न झालें. नवरा तिच्याहून सुमारें अकरा वर्षांनीं लहान. तिच्या संमतीस किती किंमत होती, हें वाचकांनींच ओळखावें.

११३५ च्या डिसेंबरांत बाप वारला आणि शपथ घेणाऱ्यांपैकींच एक पुढें सरसावला. तो तिचा सख्खा आतेभाऊ स्टीफन. महिना संपण्यापूर्वींच त्यानें स्वतःस राज्याभिषेक करविला. अधिक दुःखाची गोष्ट ही कीं, स्टीफनची राणी होती तीहि मॅटिल्डा, आणि आपल्या ह्या मॅटिल्डेची सख्खी मावसबहीण. एका वाड्यांतील वांटणीचें भांडण सर्व देशाच्या उरावर बसलें तें असें. ११४१ च्या फेब्रुवारींत स्टीफन कैद झाला. मॅटिल्डा 'इंग्लिशांची स्वामिनी' हा किताब धारण करून लंडनला आली. पण राज्याभिषेक होण्यापूर्वींच नगरवासीयांनीं उठाव करून तिला हांकून लाविलें. मावसबहिणीनें फौज उभारून नवऱ्याची सुटका करविली. गंमत पाहा. त्या काळची स्टीफनच्या पक्षाची बखर ह्या दुसऱ्या मॅटिल्डेचें धैर्य पुरुषासारखें म्हणून वाखाणते, आणि पहिलीला मात्र तिच्या ताठ्याबद्दल दोष देते. नवऱ्यासाठीं शस्त्र उचललें तर तें शौर्य; स्वतःच्या हक्कासाठीं उचललें तर तो अहंकार!

११४२ च्या डिसेंबरांत ऑक्सफर्डच्या किल्ल्यांत ती वेढली गेली. रात्रीं पांढरीं वस्त्रें लेऊन, बर्फांतून, गोठलेल्या नदीवरून ती निसटली. गादी तिला मिळाली नाहींच. परंतु तिचा झगडा व्यर्थहि गेला नाहीं. ११५३ च्या तहानें स्टीफनच्या मागें तिच्या मुलाचा हक्क ठरला आणि ११५४ मध्यें तो दुसरा हेन्री म्हणून सिंहासनावर बसला. ती ११६७ मध्यें नॉर्मंडींत वारली. तिच्या कबरीवरील प्रसिद्ध लॅटिन लेखांत तिचा मोठेपणा तीन पायऱ्यांनीं सांगितला होता: पहिली जन्माची, दुसरी लग्नाची, तिसरी पुत्राची, आणि तिन्ही पायऱ्यांवर उभा असलेला पुरुष हेन्रीच. हेन्रीची कन्या, हेन्रीची भार्या, हेन्रीची माता येथें आहे, एवढें त्यांत सांपडतें. 'मॅटिल्डा' हें नांव मात्र त्या ओळींत कोठेंच नाहीं.

आतां पुतण्याच्या रणगाड्याकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्रजांनीं पायदळाच्या संगतीनें चालणारा एक जड रणगाडा बनविला आणि त्याला हें जुनें नांव दिलें. पहिला लहान होता, आंत दोनच माणसें. दुसऱ्यांत चार माणसें, वजन सुमारें २७ टन, पुढच्या बाजूचें चिलखत ७८ मिलिमीटर जाड, सडकेवर वेग तासाला १५ मैल. असे २,९८७ रणगाडे झाले. १९४० च्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें आरास येथें जर्मनांचे साधे रणगाडाविरोधी गोळे त्यावरून टप्पे खाऊन उडाले. विमानें पाडण्याच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा जमिनीसरशा रोखल्या तेव्हां ते अडले. १९४० च्या ९ डिसेंबरला इजिप्तच्या वाळवंटांत निबैवा येथील इटालियन छावणीवर चवथ्या हिंदी डिव्हिजनच्या शिपायांनीं ह्याच रणगाड्यांबरोबर हल्ला चढविला. तेव्हांपासून 'वाळवंटाची राणी' असें टोपणनांव त्याला मिळालें. पुढच्या मार्चमध्यें इरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांवर मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झुंजली. आणि २७ मार्चला अखेरचा घाट फोडून पुढें गेलेल्या सैन्यांतहि मॅटिल्डा होते. पुढें तोफा मोठ्या झाल्या. ह्या रणगाड्याचा बुरूज लहान, त्यांत मोठी तोफ मावेना. त्यामुळें वाळवंटांतील त्याचें राज्य संपलें. तथापि ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानें १९४५ पर्यंत पूर्वेकडील जंगलांत तो वापरला.

पुतण्यानें हे सर्व आंकडे आम्हांस न अडखळतां म्हणून दाखविले. लोखंडाच्या मॅटिल्डेचें वजन, जाडी, वेग आणि एकूण संख्या जगाला मुखोद्गत आहे. ती बोव्हिंग्टनच्या रणगाडा-संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. रणांतील सामर्थ्य हा नांवाचा अर्थ रणगाड्याला शोभतो, ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या बाईला तो त्याहून अधिक शोभला असता, तिच्या कबरीच्या लेखांत तीन हेन्रींच्या गर्दींत तिचें नांव बसलें नाहीं. ती सम्राज्ञी होती म्हणून इतरत्र तिचें नांव पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें होतें आणि आपल्यापर्यंत पोहोंचलें. आमची पणजी सम्राज्ञी नव्हती.

नांव बदलण्याच्या चालीवर वाद घालण्यास आम्ही बसलों नाहीं. कोणाला नवें नांव हौसेचें वाटतें, कोणाला जुनें टाकवत नाहीं. तें जिचें तिनें ठरवावें. आमचें सांगणें इतकेंच कीं, बदललें तरी पहिलें पुसूं नये. प्रत्येक घरांत एखादी वृद्ध आत्या, मावशी किंवा काकू अशी असते कीं, जिला दोन-तीन पिढ्यांपलीकडचीं माहेरचीं नांवें ठाऊक असतात. तिला विचारण्यास वही आणि एक दुपार पुरे. उद्यां विचारूं म्हटलें तर उत्तर देणारें माणूस उरेलच असें नाहीं.

बारशाला मुलीच्या कानांत आत्याबाईंनीं शेवटीं दुसरेंच नांव सांगितलें. पणजीचा प्रश्न मात्र आम्हीं सोडिला नाहीं. कुलवृत्तान्ताच्या समासांत आम्ही घरांतील स्त्रियांचीं माहेरचीं नांवें शाईनें लिहीत आहों. आजपर्यंत अकरा मिळालीं. पणजीच्या माहेरच्या गांवीं पत्र टाकलें आहे. उत्तर येईपर्यंत 'भार्या लक्ष्मीबाई' ह्या शब्दांशेजारीं समासांत एका नांवापुरती जागा मोकळी ठेविली आहे.