कसणारीचे नाव कुठे आहे?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पंधरा दिवस उशिरा पडतो आहे. दोष माझा. डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने मी इंग्लंडमध्ये होते. मिडलँड्स भागातल्या एका कारखानदारीच्या शहरात स्त्रियांचे एक केंद्र चालते, त्यांचे काम पाहायला आणि जमेल तेवढा हातभार लावायला गेले होते. परत आल्यावर सगळ्याजणींनी विचारले, "काय पाहिलंस?" मी म्हटले, "भाजीचे वाफे." सगळ्या हसल्या. विमानात बसून इतक्या लांब जाऊन हिने वाफेच पाहिले! पण खरे सांगते, बैठकांच्या टिपणांनी भरलेल्या दोन वह्यांपेक्षा त्या वाफ्यांनीच मला जास्त अस्वस्थ केले. म्हणून या वेळचे संपादकीय त्यांच्यावर.

तिकडे 'अलॉटमेंट' नावाची एक जुनी व्यवस्था आहे. बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची किंवा गावच्या पॅरिश कौन्सिलची जमीन असते. तिचे लहान तुकडे पाडून ते रहिवाशांना वर्षाच्या भाड्याने भाजीपाला पिकवायला देतात. पूर्ण तुकडा जुन्या मापाने दहा 'रॉड'चा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. १९०८ च्या कायद्यात एक तरतूद आहे : सहा मतदारांनी किंवा करदात्या रहिवाशांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. ही सहाजणांची अट मला फार आवडली. त्या वर्षी तिथल्या बाईला संसदेसाठी मत नव्हते. ते १९१८ मध्ये काहीजणींना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने मिळाले. पण घराचा कर स्वतःच्या नावाने भरणारी बाई त्या सहांमध्ये सही करू शकत होती.

पुढे १९२२ च्या कायद्याने व्याख्या केली : कसणाऱ्याने 'स्वतःच्या किंवा आपल्या कुटुंबाच्या' खाण्यासाठी पिकवायची जमीन. मूळ इंग्रजीत यातली सर्वनामे पुल्लिंगी आहेत. कायद्यात पुल्लिंगात स्त्रीलिंग धरलेले असते, असे आपल्याला नेहमी सांगतात. धरलेले असते, पण लिहिलेले नसते!

आता हिवाळ्याचे सांगते. तिथे डिसेंबरात आठ वाजून गेले तरी नीट उजाडत नाही आणि चारच्या आत दिवस मावळतो. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळ बंद केलेले, जमीन काही दिवस इतकी घट्ट की फावडे टणकन वाजते. मला वाटले, या दिवसांत प्लॉटवर कोण येणार? पण आपण 'वावरात जाते' म्हणतो तशा तिथल्या बायका 'प्लॉटवर जाते' म्हणतात आणि जातातच. केलची पाने खुडायची, लीक उपटायचे. पार्सनिप नावाचा गाजरासारखा पांढरा कंद असतो, त्याला गोठवणारी थंडी लागली की पिठूळपणा जाऊन गोडी येते, म्हणून तो जमिनीतच ठेवतात. लसूण पावसाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून ठेवलेली असते. तिला थंडी मिळाली नाही, तर गड्ड्याच्या पाकळ्या नीट सुटत नाहीत. कबुतरांपासून कोबी वाचवायला जाळ्या ताणायच्या, शेणखत पसरायचे, सफरचंदाची छाटणी करायची. फेब्रुवारीत अंड्यांच्या पुठ्ठ्यांत बटाटे डोळे वर करून खिडकीत मांडायचे. आणि हे काही नसेल तर फळकुटांच्या खोपटात बसून बियाण्यांची यादी करायची.

त्या खोपटातच माझी सगळ्यांशी ओळख झाली. जमैकाहून आलेल्या एक निवृत्त परिचारिका, दोन इंग्रज आज्या, एका मुलाला एकटीने वाढवणारी एक तरुण मुलगी. आणि जालंधरकडच्या एक आजी, ज्यांना सगळेच 'बीजी' म्हणत. सलवारीवर दोन स्वेटर, पायात रबरी बूट. त्यांचे पती १९६० च्या दशकात ओतशाळेत कामाला आले. प्लॉट घेतला तो त्यांनी, पण पाळीच्या कामातून ते तिथे यायचे कधीमधी. तीस वर्षे माती केली ती बीजींनी. उन्हाळ्यात मेथी, कोथिंबीर, मुळा. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांची मेथी जायची.

शंभरावर प्लॉट असलेल्या त्या जागेत संडास मात्र एकही नव्हता. पुरुष कुंपणाकडे जात. बायका घरून निघताना चहा घेत नसत आणि साडेतीनला, अंधार व्हायच्या आत, जोडीजोडीने फाटकाकडे निघत. आपल्या बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या दिवसभर पाणी का पीत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या मैत्रिणी हाच प्रश्न मांडत आल्या. देश श्रीमंत झाला म्हणून हा प्रश्न आपोआप सुटत नाही.

नोव्हेंबरात बीजींचे पती वारले. जानेवारीत पत्र आले. भाडेकरू मृत झाल्याने करार संपुष्टात येत आहे, प्लॉट प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या अर्जदाराला दिला जाईल, खोपट व सामान अमुक तारखेच्या आत हलवावे. शहराचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण असा नियम तिथे अनेक ठिकाणी आहे. बीजींना इंग्रजी वाचता येत नव्हते. पत्र त्यांनी बुटाच्या पिशवीत घालून केंद्रात आणले आणि मला म्हणाल्या, "पुत्तर, इसमें मेरा नाम कहाँ है?" मी दोनदा वाचले. त्यांचे नाव कुठेच नव्हते. भाड्याच्या सगळ्या पावत्यांवरही पतीचेच. आणि जमिनीत त्यांची लसूण उभी होती.

खोपटात बैठक झाली. आता हे सरळसोट नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ती एकटी आई म्हणाली, "मी स्वतः चार वर्षं यादीत थांबून अर्धा प्लॉट मिळवला. सार्वजनिक जमीन बापाकडून मुलाकडे जायला लागली, तर माझ्यासारखीला कधीच मिळाली नसती." तिचे खरेच होते. जमीन वारशाने न जाणे हीच तर या व्यवस्थेची चांगली बाजू. मी तोवर 'विधवेवर अन्याय' या शीर्षकाचे निवेदन मनात लिहूनही टाकले होते. तिने मला थांबवले. परिचारिकाबाई म्हणाल्या, "मग वारसा मागायचाच नाही. ही विधवा आहे म्हणून द्या, असं म्हणायचंच नाही. ही तीस वर्षं कसते आहे, एवढंच म्हणायचं."

निवेदन त्याच धर्तीवर लिहिले. दया नको, नोंद हवी. शेजारच्या अकरा प्लॉटधारकांनी सही केली की ही जमीन प्रत्यक्ष याच कसतात. वार्षिक सभेत समितीवर सगळे पुरुष होते, चहा बायकांनीच केला, पण या वेळी चहा देऊन त्या मागे उभ्या राहिल्या नाहीत, पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नवा करार आला, बीजींच्या स्वतःच्या नावाने. त्यांनी गुरुमुखीत सही केली. त्यानंतर चौघी विवाहित बायकांनी पतीबरोबर आपलेही नाव लावण्याचा अर्ज केला. दोघींचे नवरे म्हणाले, "त्याची काय गरज?" तो प्रश्न ऐकताना मला एकदम घरी असल्यासारखे वाटले!

आणि त्याच रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण आपल्याकडचे आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका गावात पाझर तलावाखालची पट्टी बायकांच्या गटाला भाजीसाठी मिळवली, ते काम माझ्याकडे होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन नुकतीच आलेले होते. यादीच्या फॉर्मवर 'कुटुंबप्रमुखाचे नाव' असा रकाना होता. मी तो भरला. एकेका बाईला विचारून, सुवाच्य अक्षरात, तिच्या नवऱ्याचे नाव. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांतल्या एकीला नवऱ्याने टाकले. तिची मेथी आणि घेवडा उभा असताना तो दुसरीला घेऊन पट्टीवर आला आणि म्हणाला, "यादीत नाव माझं आहे." होतेच. मीच लिहिले होते. ती माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटले, "पुढच्या यादीत बघू." पुढची यादी झालीच नाही. ती मुंबईला घरकामाला गेली, असे नंतर कळले. रकाना सरकारी होता, पण पेन माझ्या हातात होते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशाने २००५ मध्ये. वडील तेव्हा हयात होते की नाही याचा अडसर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दूर केला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती अभियानात १९९० च्या सुमारास किती गावांनी बायकांच्या नावाने जमीन करून दिली, ते आपल्यातल्या थोरल्या मैत्रिणींनी पाहिले आहे. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. खुरपणी, लावणी, वेचणी, बियाणे राखणे कोण करते, हे सांगायला मात्र गणनेची गरज नाही.

सातबारावर नाव लावण्याची लढाई लांबची आहे, ती आपण लढतोच आहोत. पण त्याच्या अलीकडे शेकडो लहान याद्या असतात, ज्या कुठला तलाठी करत नाही, आपण करतो. बियाण्यांच्या पाकिटांची यादी, परसबागेची, शेळी वाटपाची, गटाच्या भाडेपट्ट्याची. तिथे बाईचे नाव लिहायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

म्हणून या तिमाहीसाठी प्रत्येक गटाला एकच काम सुचवते. आपल्या कपाटातल्या सगळ्या याद्या बाहेर काढा. जिथे 'कुटुंबप्रमुख' असेल तिथे 'प्रत्यक्ष कसणारी' असा रकाना आखा आणि घरोघर जाऊन भरा. नवऱ्याने "काय गरज?" असे विचारले तर त्याला बसवून घेऊन सांगा. जिथे यादी चुकल्याने कुणी बाहेर फेकली गेली असेल, तिचा शोध घ्या. मी माझ्यापासून सुरुवात केली आहे. त्या मैत्रिणीच्या भावाचा पत्ता मिळाला आहे, पुढच्या आठवड्यात जाते आहे. ती माझ्याशी बोलेलच असे नाही. तो तिचा अधिकार आहे.

काय सापडले ते लिहा. चुका लिहिल्यात तर जास्त बरे. पुढच्या अंकातली पाने त्यासाठी राखून ठेवते.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने