सुट्टी कारखान्याच्या गावी, मत स्वतःच्या गावी

मतदानाच्या दिवशी कामगारांना सुट्टी द्यावी की नाही, हा वाद कायद्यापुरता १९९६ मध्येच मिटला. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५-ब समाविष्ट झाले. लोकसभा वा विधानसभेच्या मतदानादिवशी कोणत्याही व्यवसायात, उद्योगात वा आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला भरपगारी सुट्टी मिळाली पाहिजे, असे हे कलम सांगते. रोजंदारीवरील माणसाला एरवी सुट्टीचे पैसे मिळत नसले तरी त्या दिवसाची मजुरी त्याला द्यावीच लागते. मात्र ही सुट्टी ज्याला खरोखर हवी असते, त्याच्यापर्यंत ती पोहोचते का, हे पाहायचे तर जालना जिल्ह्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

या जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत. त्यांपैकी जालना, बदनापूर आणि भोकरदन हे जालना लोकसभा मतदारसंघात येतात, तर परतूर आणि घनसावंगी हे परभणी लोकसभा मतदारसंघात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीचे मतदान २६ एप्रिलला झाले आणि जालन्याचे १३ मे रोजी. म्हणजे जिल्हा एकच, पण मतदानाचे दिवस दोन, आणि त्यांत सतरा दिवसांचे अंतर. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यात राबणाऱ्या मंठ्याच्या कामगाराला सुट्टी हवी होती २६ एप्रिलला. त्या दिवशी जालना शहरात मात्र नेहमीप्रमाणे भोंगा वाजणार होता. कारखाना दुसऱ्या मतदारसंघात असला तरी मतदाराचा सुट्टीचा हक्क कायम राहतो, हे निवडणूक आयोगाने स्पष्ट केलेले आहे. परंतु अख्खा कारखाना चालू असताना एकट्याने मुकादमापुढे उभे राहून कलमाचा हवाला देणे कंत्राटी कामगाराला कितपत परवडते? मतदारयादीतील पत्ता पाहून आठवडाभर आधी पाळ्या लावणे व्यवस्थापनाला अवघड नाही. तशी सक्ती मात्र कोणी करीत नाही.

सक्ती होणार तरी कशी? सुट्टी न देणाऱ्या मालकाला कायद्याने ठेवलेला दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये आहे. १९९६ मध्येही ही रक्कम कारखानदाराला जड नव्हती; आज तर ती हास्यास्पद आहे.

मालकांची बाजूही आहे. कामगाराच्या गैरहजेरीमुळे धोका वा मोठे नुकसान होणार असेल, तर तेथे कायदाच सूट देतो. पोलादाची भट्टी पेटलेली असताना सर्वांना एकदम सोडता येत नाही, हे खरे. अशा ठिकाणी काही तासांची सवलत देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ज्याचे मतदान केंद्र शहरात आहे, त्याला ती पुरते. मंठा साठेक किलोमीटरवर आहे. जाऊन, रांगेत उभे राहून परत यायचे तर अर्धा दिवस सहज जातो. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला तर पूर्ण दिवसही उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती. राजकीय पक्षांच्या शंकांपुढे ती तेथेच थांबली. (शहरी नोकरदाराचा प्रश्न नेमका उलटा आहे. त्याने सुट्टीला शनिवार-रविवार जोडून सहलीला जाऊ नये, म्हणून २०२४ च्या विधानसभेसाठी मुद्दाम बुधवार निवडावा लागला.)

सर्वांत बिकट स्थिती ऊसतोड मजुरांची. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दरवर्षी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. २००४ पासून २०१९ पर्यंत विधानसभेचे मतदान ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हंगामाआधीच उरकत असे. २०२४ मध्ये गाळपाचा मुहूर्त १५ नोव्हेंबर ठरला आणि मतदान होते २० नोव्हेंबरला. हंगाम पुढे ढकलण्याची मागणी झाली, ती याच कारणाने. या मजुराला पगार नसतो. मुकादमाकडून घेतलेली उचल आणि टनामागे मिळणारा दर हाच त्याचा हिशेब. कोयता एक दिवस थांबला तर उचल तेवढी फिटायची राहते. भरपगारी सुट्टीचे पैसे मागायचे तर कोणाकडे? कारखाना म्हणतो, हा आमचा कामगार नव्हे. मुकादम म्हणतो, मी मालक नव्हे. कलम १३५-बची भाषा पुरेशी व्यापक आहे, पण या दोघांपैकी जबाबदार कोण, हे सरकारने आदेश काढून ठरवल्याखेरीज त्या भाषेचा उपयोग शून्य. साखर कारखान्यांच्या गाळप परवान्यातच मतदानाच्या दिवशीची तोडणी बंद ठेवण्याची आणि गावी जाण्या-येण्याच्या सोयीची अट घालता येईल. परवाना देणारे साखर आयुक्तालय सरकारचेच आहे.

सध्याच्या विधानसभेची मुदत २०२९ च्या अखेरीस संपते आहे. तेव्हाही ऐन गाळपाचेच दिवस असतील.