फुलापलीकडचे झाड : वेलगुलाबाच्या निमित्ताने

'गुलाब' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि येता येता त्याचा अर्थ बदलला. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा गुलाब म्हणजे मुळात फुलापासून काढलेले सुगंधी पाणी. आपण अर्काचे नाव फुलाला दिले आणि मग अर्कासाठी 'गुलाबपाणी' असा, पाणी दोनदा सांगणारा, शब्द तयार केला. ही केवळ भाषिक गंमत नव्हे. लग्नमंडपातील गुलाबदाणी, बरणीतील गुलकंद, हारातील पाकळ्या, कोटाच्या काजात खोचलेली कळी आणि पुष्पप्रदर्शनातील बाटलीत उभी केलेली एकुलती एक दांडी या साऱ्यांत गुलाब आपल्याला भेटतो तो झाडापासून तुटल्यानंतर. गुलाबाचे झाड म्हणून आपण त्याच्याकडे फारसे पाहिलेलेच नाही. घरापुढच्या लहानशा बागेत बेताच्या निगेवर वाढणारा वेलगुलाब, नर्सरीच्या भाषेत 'क्लाइंबर', लावावा असे मत आम्ही येथे मांडत आहोत. त्यामागचे मुख्य कारण हे की तो आपल्याला झाडाकडे पाहावयास लावतो.

गुलाब म्हणजे नाजूक, रोगट, सतत औषध मागणारे झाड, ही समजूत सार्वत्रिक आहे. तिला इतिहास आहे. 'ला फ्रान्स' हा 1867 सालचा गुलाब 'हायब्रिड टी' वर्गातील पहिला मानला जातो. लांब सरळ दांडी, तिच्या टोकाला एकच मोठी, डौलदार उमलणारी कळी, हा आदर्श या वर्गाबरोबर रूढ झाला. पुढे 1900 साली लिऑनच्या पेर्ने-द्युशे यांनी 'सोलेय द'ऑर' हा गुलाब बाजारात आणला. इराणकडून आलेल्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून त्यांनी बागेतील गुलाबांत गडद पिवळा रंग आणला, परंतु त्याच वाटेने पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही पुढच्या पिढ्यांत उतरली. रंग हवा होता, तो मिळाला. पानांचे काय झाले हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही, कारण बक्षीस फुलाला मिळत होते. गुलाबाचा रोगटपणा बऱ्याच अंशी या निकषाने घडविलेला आहे. साहित्य शिकविणाऱ्या आम्हां लोकांना हा प्रकार अनोळखी नाही. एखादी ओळ कवितेतून उपटून तिच्यावर लुब्ध होणारी आणि उरलेली कविता न वाचणारी रसिकता आम्ही नेहमी पाहतो.

प्रदर्शनाचा हा निकष मोठ्या उद्यानाला एक वेळ परवडेल. तेथे माळी असतात आणि गुलाबांचे वाफे बाजूला ठेवता येतात. दहा बाय पंधरा फुटांच्या अंगणात 'बाजू' नावाची जागाच नसते. गुलाबापासून दोन हातांवर तुळस असते, त्यापलीकडे कढीपत्ता. तेथेच मुले खेळतात आणि तेथेच कपडे वाळतात. देवासाठी पहाटे फूल खुडायचे, आमटीसाठी पाने तोडायची आणि त्याच हवेत दर पंधरवड्याला बुरशीनाशक व कीटकनाशक फवारायचे, यात काही विसंगती आहे हे आपल्याला जाणवेनासे झाले आहे. दुसरी गोष्ट श्रमाची. घरातील बागेची हौस पुष्कळदा एकाची असते आणि पाणी, वाळकी पाने, कीड, खत यांची रोजची काळजी दुसऱ्याची. हे दुसरे माणूस बहुधा घरातील बाई असते. म्हणून 'कमी निगा' या गुणाला आळशांची सोय म्हणून हिणवणे आम्हांला पटत नाही. निगा कोण करतो हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

निकष बदलता येतात, याचे उदाहरण जर्मनीत सापडते. तेथे नव्या गुलाबांची 'एडीआर' या नावाने ओळखली जाणारी चाचणी 1948 पासून चालू आहे. अनेक ठिकाणच्या बागांत काही वर्षे झाडे पारखली जातात, आणि 1997 पासून या चाचणीत रोगकिडींवर कोणतेही औषध फवारले जात नाही. जे झाड स्वतःच्या बळावर निरोगी राहील ते उत्तीर्ण. तथापि तेथील उत्तीर्ण गुलाब आपल्याकडे आणून लावले की काम झाले, असे मात्र नाही. त्यांची कसोटी बर्फाची. आपली कसोटी चार महिन्यांच्या ओलीची आणि मेच्या उन्हाची. आपल्या हवेसाठी गुलाब आपल्या हवेतच घडवावा लागतो. डॉ. बेंजामिन पिअरी पाल या थोर कृषिशास्त्रज्ञाने दिल्लीत गुलाबांचे अनेक वाण निर्माण केले आणि 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन यांनी मणिपूर-म्यानमारच्या डोंगरांत उंच वृक्षांवर चढणारा 'रोझा जायगँटिया' आणि बंगालच्या पाणथळ भागात तग धरणारा 'रोझा क्लायनोफायला' हे रानगुलाब घेऊन उष्ण प्रदेशाला साजेसे वाण घडविण्याचा ध्यास घेतला. चढणारा गुलाब हा असा आपल्या भूगोलातलाच आहे.

आता चढण्याविषयी. खरे पाहता गुलाब हा वेलच नाही. त्याला काकडीसारखे तणावे नाहीत, गोकर्णीसारखा तो आधाराला वेढेही घालत नाही. लांब फांद्या इतर झुडपांवर टाकायच्या आणि मागे वळलेल्या काट्यांनी अडकून राहायचे, एवढेच त्याचे चढणे. म्हणून घरच्या बागेत त्याला बांधावे लागते, आणि येथेच त्याचे मर्म आहे. फांदी सरळ उभी वाढली की शेंड्याकडून येणारे वृद्धिद्रव्य खालच्या डोळ्यांना दबवून ठेवते आणि फुले केवळ टोकाला, आपल्या नजरेच्या वर, येतात. तीच फांदी आडवी वाकवून कुंपणाला बांधली की तिच्यावरचे डोळे एकामागून एक फुटतात आणि प्रत्येक फुटव्यावर फूल धरते. एका टोकाचे वर्चस्व मोडले की सारी फांदी बोलू लागते. प्रदर्शनाच्या गुलाबाला याच्या अगदी उलट शिस्त असते: बाजूच्या कळ्या खुडायच्या आणि एकीलाच वाढवायचे.

लागवडीचे म्हणाल तर सारी निगा आरंभी एकवटते. निदान पाच-सहा तास ऊन लागेल आणि वारा खेळेल अशी जागा हवी. पठारावरच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचते. तेथे दोन फूट खोल खड्डा घेऊन माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरावे व झाड थोडे उंचवट्यावर लावावे. डोळा भरलेली जागा मातीच्या वर ठेवावी आणि तिच्या खालून, म्हणजे खुंटावरून, येणारे फुटवे मुळापासून काढावेत. नाही तर खुंटच झाड होऊन बसतो. भिंतीला चिकटवण्याऐवजी वीतभर अंतर सोडून तारा ताणाव्यात. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सुमारे सात तास सतत ओले मिळाले तरच ती रुजते. म्हणून पाणी सकाळी, बुंध्याशी, पानांवर न उडवता द्यावे आणि गळलेली पाने उचलावीत. पहिली दोन वर्षे छाटणी जवळजवळ नकोच, फक्त बांधणी. त्यानंतर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, वाळलेले व म्हातारे लाकूड काढावे आणि बाजूचे फुटवे आखूड करावेत. लांब फांद्यांना हात लावू नये.

यावर आक्षेप येतील. अशा गुलाबाची फुले पुष्कळदा लहान असतात, फुलदाणीत फार टिकत नाहीत. सुगंध काहींना असतो, काहींना नसतो. भर उन्हाळ्यात झाड मरगळते आणि पावसाळ्यात थोडी पाने ठिपक्यांनी जातातच. हे सारे आम्हांला मान्य आहे. 'निगा न लागणारे झाड' असे म्हणून जो कलम विकतो तो ग्राहकाला फसवतो. निगा लागतेच. मात्र रोगाच्या मागे धावण्याची निगा वेगळी आणि योग्य झाड निवडून, जागा पाहून, फांदीला वळण लावून नंतर त्याला त्याच्या चालीने वाढू देण्याची निगा वेगळी. पहिलीत धास्ती असते, दुसरीत ओळख. दहा-वीस पाने गेली तरी झाड गेले नाही, हे कळायला झाड ओळखीचे असावे लागते.

म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे. गुलाब घेताना फुलाचा रंगीत फोटो पाहून घेऊ नये. वाणाचे नाव विचारावे, पाने पाहावीत, आणि हे झाड आपल्या गावच्या पावसात फवारणीवाचून कसे राहते असे विचारावे. आज पुष्कळ ठिकाणी 'क्लाइंबर, लाल' किंवा 'क्लाइंबर, पांढरा' एवढेच उत्तर मिळते. विचारणारे वाढले तर सांगणारेही वाढतील. शेजारच्या ज्या कुंपणावर वर्षानुवर्षे औषधावाचून एखादा अनामिक वेलगुलाब फुलत असेल, त्याची काडी मागून आणणे हा तर सर्वांत खात्रीचा मार्ग. त्याची परीक्षा त्या गावच्या हवेने आधीच घेतलेली असते.