सेवावृत्ती उपजत असते काय?

सेवेची ओढ उपजतच असावी लागते, ज्याच्या स्वभावात ती नाही त्याच्या हाती शिबिरात फावडे देऊन काय साधणार, हा आक्षेप १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून आजतागायत नागपूरच्या महाविद्यालयांतून घेतला जात आहे. शीलाप्रमाणे दृष्टी बनते, हे मला मान्य आहे. एकाच नालीकाठी उभ्या असलेल्या दोघा विद्यार्थ्यांपैकी एकाला केवळ घाण दिसते, तर दुसऱ्याला त्या घाणीशेजारी संसार मांडावा लागलेले कुटुंब दिसते. परंतु हे शील जन्मतःच कायम ठरून येते, हा निष्कर्ष मात्र सर्वस्वी अग्राह्य आहे.

हिंगणघाटच्या जमीनदार घराण्यात वाढलेले, मोटारीचा व शिकारीचा शौक केलेले, नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेले मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे वरोऱ्यास मैला वाहून नेण्याचे काम स्वतः करीत असताना, तुळशीराम नावाच्या मरणोन्मुख कुष्ठरोग्यास पाहून भयभीत होऊन पळाले, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. वृत्ती उपजत असती तर त्यांचे सेवाचरित्र त्या पलायनापाशीच संपते. ते परतले, त्या रोग्याची शुश्रूषा केली, आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे राहिले. स्वतःच्या भीतीशी तडजोड न करण्याचा निग्रह त्यांना परत घेऊन आला, आणि तो निग्रह त्या रोग्याच्या सहवासात दृढ झाला.

वर्षाकाठी १२० तासांची हजेरी आणि सात दिवसांचे एक शिबिर भरले की शील आपोआप घडते, असे मानणारेही तितकेच चुकतात. आज वृक्षारोपण, उद्या प्रभातफेरी, अशा विखुरलेल्या तासांत विद्यार्थ्याची कोणाशीही ओळख होत नाही, आणि ओळखीवाचून उत्तरदायित्व कोठून यावे?

म्हणून माझे म्हणणे असे की, विद्यार्थ्यास योजनेची दोन्ही वर्षे एकाच वस्तीत, त्याच कुटुंबांकडे पाठवावे आणि काम त्याच्या प्रकृतीप्रमाणे द्यावे. तापट मुलगा महानगरपालिकेच्या कचेरीत नळाच्या अर्जाचा पिच्छा पुरवील. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी एखाद्या म्हातारीची औषधे बिनचूक सांभाळील. ‘मागल्या रविवारी का नाही आलास?’ असे विचारणारे माणूस ज्याला लाभले, त्याचे शील घडू लागलेच. योजनेच्या दाखल्यावर प्राचार्यांची सही होण्यापूर्वी त्या माणसाचीही जबानी घेण्यात यावी.