लक्षद्वीपला जाताना: तीन दिवसांचे मेहमान

दिवाळीच्या सुट्टीचे बेत आता घराघरांत सुरू होतील. आमच्या ओळखीच्या अनेक घरांत सध्या एकच नाव निघते, लक्षद्वीप. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आले आणि सगळ्या देशाला या बेटांची आठवण झाली. आपल्या घरांना ओढ वाटण्याचे आणखी एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे ६४,४७३ लोक होते आणि त्यांत शंभरातले शहाण्णवहून अधिक मुसलमान. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी चालत आलेली, हलालची शोधाशोध नाही, पाच वेळा अजान कानावर पडणार. मग बोलण्यात एक वाक्य हमखास येते, ‘आपलीच माणसं आहेत, होईल सगळं!’

आम्हाला वाटते, बेत आखताना हे वाक्य आधी बाजूला ठेवावे. आपली माणसे आहेत म्हणूनच तिथे जास्त तयारीने जायला हवे.

पहिली तयारी परवान्याची. आपण भारताचे नागरिक असलो तरी या बेटांवर जायला प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. नियमांत फेरफार होत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी प्रशासनाच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचावेत आणि तारखा पक्क्या झाल्याशिवाय परत न होणारी तिकिटे काढू नयेत. जाण्याचा रस्ता कोचीवरून. कोकण रेल्वेने एर्नाकुलम गाठता येते. तिथून अगत्तीला छोटे विमान साधारण दीड तासात पोहोचते. जहाज विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून सुटते आणि बेटानुसार चौदा ते अठरा तास किंवा थोडे अधिक घेते. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा हा बेत नकोच. मे महिन्याच्या सुट्टीपेक्षा दिवाळीची सुट्टी बरी, ती याचसाठी.

घरात दादा-दादी असतील तर एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. काही बेटांवर जहाज किनाऱ्याला लागत नाही. प्रवाळाच्या बाहेर उभे राहते आणि माणसे हलत्या जहाजातून छोट्या होडीत उतरतात. गुडघेदुखीच्या माणसाला हे जड जाते. शिवाय गंभीर रुग्णाला तिथून हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. औषधे पूर्ण दिवसांची आणि वर दोन दिवसांची बरोबर घ्यावीत. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणावी. थोडी रोकड जवळ असावी.

बेटे एकूण ३६, माणसांची वस्ती १० बेटांवर. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा जेमतेम तिसरा हिस्सा. तीन-चार दिवसांत तीन बेटे ‘करून’ येण्यापेक्षा कवरत्ती, कदमत किंवा अगत्ती यांपैकी एकाच ठिकाणी राहावे. बहुतेक बेटांच्या पश्चिमेला प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ, शांत पाणी असते. मुलांना पाण्यात उतरवायचे ते तिथे, स्थानिक माणसाला विचारून आणि भरती-ओहोटी पाहून. पूर्वेचा किनारा मात्र लवकर खोल होतो.

आता पाण्याचे. या बेटांवर नदी नाही. पावसाचे मुरलेले गोडे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की विहिरी मचूळ होतात. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राच्या पाण्यापासून रोज एक लाख लिटर पिण्याचे पाणी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला, पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही. म्हणजे आपल्या बादलीतले पाणी कुणाच्या तरी वाट्याचे आहे. वाहत्या नदीवर बसूनही वुजूला पाणी उधळू नये, हे आपण मुलांना मक्तबमध्ये शिकवतो. ते पाळून दाखवायची ही जागा आहे. समुद्रातून आल्यावर एकदा आंघोळ, वुजूला एक लोटा. ओले पुसणे, प्लॅस्टिकची पाकिटे, लहान बाळाचे डायपर, जे नेले ते पिशवीत भरून परत कोचीला आणावे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. बेटाची वाळू आणि जमीन त्याच्यापासूनच झाली आहे. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. त्यावर पाय देऊन फोटो काढू नये. मेलेला तुकडाही आठवण म्हणून आणू नये, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि आता ‘आपली माणसं’. त्यांची भाषा जेसेरी, मलयाळमची एक बोली. मिनिकॉयची भाषा महल, ती उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या थाना लिपीत लिहितात. आपली घरातली उर्दू तिथे फारशी उपयोगी नाही, सलाम मात्र सगळीकडे चालतो. ते शाफई मसलकाचे, आपल्या कोकणी घरांसारखेच. हनफी घरांतली मुले विचारतील की असरची अजान इतकी लवकर कशी, फजरला उभे राहून दुवा कसली. निघण्याआधीच त्यांना समजावून सांगावे, म्हणजे मशिदीत कुजबुज होणार नाही. तीन दिवसांच्या मुक्कामात हनफी आणि शाफई दोघांनाही कस्र आहे, पण तिथल्या इमामामागे नमाज पूर्ण पढायची. कवरत्तीच्या उजरा मशिदीचे कोरीव लाकडी छत पाहण्यासारखे आहे, पण ती आधी इबादतची जागा आहे. कॅमेरा काढण्याआधी विचारावे.

एक गोष्ट मुलींना आवर्जून सांगावी. या बेटांवर घर परंपरेने आईच्या वंशाचे. तरवाड, म्हणजे आईकडून चालत आलेले मोठे कुटुंब. लग्नानंतरही मुलगी आपल्या आईच्या घरी राहते आणि नवरा तिच्याकडे येतो, अशी रीत होती. तरवाडची सामाईक मालमत्ता ती शुक्रवारची, माणसाने स्वतः मिळवलेली ती सोमवारची, आणि सोमवारची शरियतप्रमाणे वाटायची, असा त्यांचा हिशोब. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटावर अभ्यास करून १९६९ मध्ये यावर पुस्तक लिहिले. आता रीत बदलते आहे, पण मुसलमानांची घरे किती तऱ्हांची असू शकतात, हे मुलांना यातून कळेल.

आपल्याकडे सहलीत काय होते? अब्बू आणि मुले पाण्यात, अम्मी किनाऱ्यावर चपला, टॉवेल आणि डबे सांभाळत बसलेली. या वेळी घरातल्या बायकांसाठी पाण्यात उतरायचे कपडे यादीत वर लिहावेत. अंग झाकणारे, पण लवकर वाळणाऱ्या हलक्या कापडाचे. सुती दुपट्टा आणि घेरदार सलवार ओली झाली की पायात अडकते, ते धोक्याचे आहे. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही. सामान सांभाळायची पाळी अब्बूंनी सकाळी घ्यावी, तेव्हा ऊनही कमी असते. जेवण मुक्कामाच्या ठिकाणीच सांगावे. भात, नारळ आणि कुपा मासा म्हणजे टुना, एवढ्यात समाधान मानावे. चूल आणि डबे घेऊन गेलो तर अम्मीला सुट्टी मिळाली कुठे?

कागदपत्रांच्या फाइलमध्ये परवान्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. घरातल्या मोठ्या मुलाकडे एक रिकामी पिशवी सोपवावी, कचऱ्यासाठी. ती भरून परत कोचीला पोहोचली पाहिजे. अल्लाह सगळ्यांचा सफर आसान करो.