घर विकायला काढताना

लोणारच्या जुन्या वस्तीतील दगडमातीची घरे हळूहळू विकायला निघत आहेत. मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला स्थिरावतात, मागे दोघेच उरतात, पुढे त्यांतलेही एकच उरते आणि मग हा विषय घरात निघतो. बहुधा तो मे महिन्यात निघतो, कारण तेव्हा सगळे एकत्र जमलेले असतात. किंमत, गिऱ्हाईक आणि कागदपत्रे यांचे पाहायला दलाल आणि वकील असतात. आम्हा डॉक्टरांकडे हा व्यवहार शेवटच्या आठवड्यात पोहोचतो. ‘आईंना परवा सहीला न्यायचे आहे, त्या व्यवस्थित आहेत असा दाखला लिहून द्या.’

या दाखल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घराची खरी तयारी येथून सुरू होते असे माझे मत आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १२ नुसार, करार करतेवेळी तो समजून घेण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे विवेकाने ठरवण्याची क्षमता ज्याच्याकडे आहे, तो करार करण्यास समर्थ होय. एरवी मन थाऱ्यावर नसणारी व्यक्तीही ज्या काळात भानावर असेल त्या काळात करार करू शकते, असेही हे कलम सांगते. म्हणजे ऐंशीचे वय, थरथरणारा हात किंवा नातवंडांच्या नावांची सरमिसळ यांपैकी कशानेही सहीचा अधिकार जात नाही.

मी असा दाखला मागणाऱ्यांना बाहेर बसवतो आणि ज्येष्ठांशी एकट्याने बोलतो. चार प्रश्न असतात: कोणते घर विकत आहात, कोणाला, किती रुपयांना, आणि त्यानंतर आपण कुठे राहणार? पहिल्या तिन्हींची उत्तरे बहुधा मिळतात. बोलणे अडते ते चौथ्याशी, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ‘पाहू नंतर’ एवढ्यावर ते संपवलेले असते. वाचकहो, आपण मुलगा, सून, मुलगी किंवा जावई असाल, तर भिंतींना रंग देण्याआधी या प्रश्नाचे उत्तर ठरवा आणि ते आईवडिलांशी बोलून ठरवा. आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर उत्तर मिळेपर्यंत सही लांबवण्यात संकोच मानू नका.

कधी दोन दिवसांपूर्वीपर्यंत ठीक असलेली व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागते, संध्याकाळी जास्त भांबावते, दिवसा गुंगीत राहते. ‘वय झाले’ म्हणून हे सोडून देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, साखर खाली जाणे, बद्धकोष्ठ, झोपेची नवी गोळी, अशी कारणे त्यामागे असतात आणि उपचाराने त्यांतील बरीच सुधारतात. तोवर सही पुढे ढकलावी. चष्मा आणि श्रवणयंत्र मात्र त्या दिवशी आठवणीने सोबत न्यावे. ऐकू न आल्याने मान डोलावणाऱ्या माणसाला संमती दिल्याचे समजले जाते, हे मी अनेकदा पाहतो.

अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना खुर्चीत घालून दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या चढवण्याची गरज नसते. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३१ आणि ३८ मध्ये, विशेष कारण असल्यास अधिकाऱ्याने घरी येण्याची तरतूद आहे. त्यासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र मी आनंदाने देतो.

पुष्कळ घरांत विक्री सोपी व्हावी म्हणून आधी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करतात. तसे करायचे असेल, तर आपली देखभाल करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशा अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन पुढे सांभाळ नाकारला, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट तोंडी असेल, तर भांडण लांबते.

आता खास लोणारकरांसाठी. दैत्यसूदन मंदिर हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, तेथेही परवानगी लागतेच. म्हणून ‘भाव चांगला येईल’ या आशेने गवंडी बोलावून भिंत पाडण्याआधी आपले घर कोणत्या अंतरात येते ते पाहावे, आणि गिऱ्हाइकालाही ते आधीच सांगावे. इसार घेतल्यावर हे उघड झाले, तर त्याचा मनस्ताप घरातील वृद्धांनाच अधिक होतो. दारावर येऊन भांडणारा माणूस त्यांच्याशीच बोलतो.

घर रिकामे करण्याचे काम मे महिन्यात काढू नका. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या व्यक्तीने त्या उन्हात तासभर माळ्याखाली उभे राहणे धोक्याचे आहे. दिवाळीनंतरचे दिवस बरे. माळ्यावरची धूळ आणि बुरशी दम्याच्या रुग्णाला सोसत नाही. सफाई आणि रंगकाम चालू असताना त्यांना नातेवाइकांकडे ठेवावे. जुना तेलरंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना अधिक बाधते.

लाकडे, कौले, दगड हलवताना हात घालण्याआधी काठीने चाचपा, पायांत बूट घाला. तेथे विंचू असतोच. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या अशी लक्षणे दिसली, तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा या दंशावरील उपयोग जगापुढे मांडला आणि एके काळी अनेकांचे प्राण घेणाऱ्या या विषाची भीती कितीतरी कमी झाली. कोनाड्यातली फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली विहिरीत किंवा नालीत ओतू नका. रिकामा डबा धुऊन धान्याला तर मुळीच वापरू नका.

राहता राहिला सामानाचा प्रश्न. काय टाकायचे हे मुलांनी ठरवावे, पण काय न्यायचे ते ज्येष्ठांनी. पाटा-वरवंटा नव्या सदनिकेत कशाला, असा वाद घालू नका, जागा होते.

चाळीस वर्षे एका घरात राहिलेला माणूस रात्री न्हाणीघरात डोळ्यांनी जात नाही, पायांच्या सवयीने जातो. नव्या घरात ती सवयच त्याला पाडते. म्हणून पलंग अशा दिशेने लावा की उतरण्याची बाजू जुन्या घरातलीच राहील. न्हाणीघरापर्यंत मंद दिवा, भिंतीला धरायला दांडी, वाटेत पायपुसणे नको. जाण्याआधी एक-दोन रात्री तेथे मुक्काम झालेला असला, तर उत्तम. गोळ्यांची यादी, शेवटचे अहवाल आणि जुन्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक एका पिशवीत घालून ती सामानाच्या ट्रकमध्ये न ठेवता स्वतःच्या हातात ठेवा.